सर, थांबा

मेडिकलच्या मुलांसमोर रुग्णसुरक्षेचा विषय काढला की मी आधी एक साधा प्रश्न विचारते. वॉर्डात चूक होऊ नये म्हणून तुम्ही काय कराल? उत्तर दरवर्षी तेच येतं: "मॅडम, काळजीपूर्वक काम करू." लातूर-नांदेडहून आलेली मुलं असोत की कोथरूडची, सगळी दहावीपासून पहिल्या नंबरात राहिलेली. अभ्यास नीट केला, पेपर पुन्हा तपासला की चूक होत नाही, हा त्यांचा आजवरचा अनुभव. त्यामुळे चुकतो तो निष्काळजी किंवा कच्चा, हे त्यांच्या मनात पक्कं बसलेलं असतं. ही समजूत आधी हलवावी लागते. ती तशीच राहिली तर सुरक्षेचा प्रत्येक नियम दुसऱ्या कुणासाठी तरी केलेला आहे, असं हुशार मुलाला वाटत राहतं.

मी भूलतज्ज्ञ आहे आणि पुण्यातल्या एका मेडिकल कॉलेजात शिकवते. भूल देणाऱ्याच्या हाताखाली औषधांचे बारीक ॲम्प्यूल, म्हणजे काचेच्या बंद कुप्या, ओळीने मांडलेले असतात. त्यातलं एक श्वास थांबवतं, एक नाडी वाढवतं, एक नुसतं पाणी असतं, आणि तिन्ही दिसायला जवळपास सारखी असू शकतात. पहाटे चार वाजता, सलग तिसऱ्या सिझेरियनच्या वेळी, "काळजीपूर्वक" या शब्दावर किती भार टाकायचा? अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने १९९९ मध्ये अहवाल काढला आणि तिथल्या रुग्णालयांत वैद्यकीय चुकांमुळे वर्षाला ४४ हजार ते ९८ हजार माणसं दगावत असावीत असा अंदाज मांडला. या आकड्यांवर वाद झाले. मला त्यातलं दुसरं म्हणणं जास्त महत्त्वाचं वाटतं: यातल्या बहुतेक चुका वाईट डॉक्टरांच्या नाहीत. चांगली माणसं जिथे चुकतील अशा तऱ्हेने कामाची मांडणी झालेली असते, तिथे त्या होतात.

हे मुलांना बोलून पटत नाही, म्हणून मी टेबलावर दोन सिरिंज ठेवते. एकीचं टोपण लाल, दुसरीचं नारिंगी. दोन्ही इन्सुलिनच्या. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन तीव्रतेच्या मिळतात, एका मिलिलिटरला ४० युनिट आणि १०० युनिट. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी, नारिंगी १०० साठी. आता १०० ची बाटली घ्या आणि लाल सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरा, असं मी सांगते. आत अर्धा मिलिलिटर जातो. म्हणजे किती युनिट? वर्गात क्षणभर शांतता, मग कुणीतरी म्हणतं, पन्नास. अडीचपट. रेघ बरोबर, हात स्थिर, वाचन अचूक, आणि आजींची साखर रात्री तीन वाजता तळाला.

उलटी चूक मला जास्त छळते, कारण ती दिसतच नाही. बाटली ४० ची आणि सिरिंज नारिंगी. २० च्या रेघेला शरीरात फक्त ८ युनिट जातात. साखर उतरत नाही. पुढच्या भेटीला डॉक्टर डोस वाढवतात आणि केसपेपरवर लिहितात, पेशंट पथ्य पाळत नाही. ती बाई भात सोडून बसलेली असते. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये त्या दिवशी जी सिरिंज होती ती मुलाने आणलेली असते, एवढंच. पथ्यावरून कुणाला बोलायच्या आधी सिरिंज आणि बाटली दाखवायला सांगा, हे मी मुलांना अगदी कळकळीने सांगते. ओपीडीत पंचवीस माणसं रांगेत असताना हे सांगणं भाबडं वाटतं, पण त्यासाठी अर्धा मिनिट लागतो.

औषधाची चिठ्ठी हा चुकांचा असाच दुसरा कारखाना. इंग्रजी 'यू' हे अक्षर युनिटसाठी आकड्याला चिकटवून लिहिलं की ते शून्य दिसतं आणि दहाचे शंभर होतात. एकच्या पुढे दशांशचिन्ह आणि शून्य लिहिलं आणि टिंब पुसट उमटलं की एकाचे दहा. अर्धा लिहिताना टिंबाआधी शून्य नाही दिलं तर पाच. मेडिकल कौन्सिलने २०१६ मध्ये नियम दुरुस्त केला: औषधांची नावं जेनेरिक, सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावीत. मुलांना नियम पाठ असतो. पण वॉर्डात ज्या सरांची सही रुबाबदार वाटते त्यांचंच अक्षर ती उचलतात.

मेथोट्रेक्सेटचं उदाहरण मी कधीच वगळत नाही. संधिवातासाठी हे औषध आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं. रोज घेतलं तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घटतात, माणूस जाऊ शकतो. जगभर ही चूक पुन्हा पुन्हा झालेली आहे, कारण बाकी सगळ्या गोळ्या रोजच्या असतात आणि हात त्याच सवयीने लिहितो, देतो, घेतो. उपाय स्वस्त आहे: वार लिहा. "फक्त बुधवारी", मराठीत, ठळक, आणि पेशंटकडून मोठ्याने वदवून घ्या. एका विद्यार्थिनीने यात भर घातली ती मी आता दरवर्षी तिच्या आठवणीने सांगते. तिची आजी इंदापूरची, गुरुवार करणारी. ती म्हणाली, "मॅडम, उपासाचा वार विचारून मग दुसरा वार द्यायचा. उपासाला आजी गोळी घेत नाही आणि शुक्रवारी राहिलेली म्हणून घेते, मग शनिवारी पुन्हा." पुस्तकात हे नाही. आपल्या माणसांना औषध देणाऱ्याला हे ठाऊक हवं.

नाव विचारण्याचा धडाही इथल्याच मातीतून घ्यावा लागतो. दोन खुणांवरून पेशंट ओळखा, नाव आणि नोंदणी क्रमांक, हे जगभर सांगतात. आपल्याकडे भोर-वेल्ह्याहून आलेल्या मावशींना पांढऱ्या कोटातल्या मुलाने "तुम्ही पवार ना?" असं विचारलं की त्या मान डोलावतात. डॉक्टरला नाही कसं म्हणायचं? शेजारच्या खाटेवरच्या पवारांचं रक्त मग यांच्या नावाने जातं. म्हणून नाव सांगायचं नाही, विचारायचं: "मावशी, तुमचं पूर्ण नाव सांगा." त्यातही आधार कार्डावर माहेरचं नाव, केसपेपरवर सासरचं, आणि घरात तिसऱ्याच नावाने हाक. रिपोर्ट एका नावाचा, फाइल दुसऱ्या नावाची. शिवाय सरकारी वॉर्डात नमुना लॅबला नेणारा, ब्लड बँकेतून पिशवी आणणारा बहुतेकदा नातेवाईकच असतो, गावाकडून रात्रीच्या एसटीने आलेला आणि सकाळपासून काही न खाल्लेला. सुरक्षेच्या साखळीतला तोही एक दुवा आहे आणि त्याला कुणी काहीच शिकवलेलं नसतं.

मांडणीनेच चूक अडवता येते हे दाखवायला मी मुलांना ऑपरेशन थिएटरमध्ये नेते. भुलीच्या मशीनला ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर जोडतात तिथे दोन खिळे असतात आणि सिलिंडरवर नेमकी त्या जागी दोन भोकं. नायट्रस ऑक्साइडची, म्हणजे भुलीतल्या दुसऱ्या वायूच्या सिलिंडरची, भोकं वेगळ्या जागी. तुम्ही कितीही दमलेले असा, अंधार असो, रंग दिसत नसो, ऑक्सिजनच्या जागी नायट्रस बसणारच नाही. भोसरीत छोटं वर्कशॉप असलेल्या गृहस्थांचा मुलगा एकदा बॅचमध्ये होता. तो चटकन म्हणाला, "मॅडम, हे पोका-योके आहे. बाबांकडे जिगमध्ये पार्ट उलटा बसतच नाही." पोका-योके म्हणजे चूक करताच येणार नाही अशी मांडणी. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत सामान्य ऑपरेटरलाही जो शब्द माहीत आहे, तो आमच्या अभ्यासक्रमात शोधावा लागतो. मोटारीचा भाग उलटा बसू नये म्हणून या शहरात इतकी अक्कल खर्च होते, तर सलाइनशेजारच्या ट्रेमध्ये पोटॅशियम क्लोराइडचे ॲम्प्यूल का असावेत? ते शिरेत थेट गेलं तर हृदय थांबतं. ते ट्रेमधून उचलून कुलपात ठेवायला पैसेही लागत नाहीत.

इथपर्यंत शिकवणं सोपं आहे. सिरिंज, शून्य, वार, खिळे. मुलांना ते आवडतं, त्यात कोडं सोडवल्याचा आनंद आहे. अवघड भाग पुढे येतो.

२००५ मध्ये इंग्लंडमध्ये एलेन ब्रोमिली नावाची ३७ वर्षांची, दोन मुलांची आई सायनसच्या साध्या ऑपरेशनसाठी दाखल झाली. भूल दिल्यावर श्वासनलिकेत नळी जाईना आणि मास्कनेही हवा आत जाईना. खोलीत अनुभवी तज्ज्ञ होते. ते नळी घालण्याचाच प्रयत्न करत राहिले. गळ्याला छेद देऊन वाट काढायची वेळ आली आहे हे एका नर्सने ओळखलं होतं, तिने ते साहित्य आणून ठेवलं आणि तसं सांगितलंही. दुसरीने आयसीयूमध्ये खाट मागितली, आणि डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचा भाव बघून ती मागणी मागे घेतली. काही दिवसांनी एलेन गेली. तिचा नवरा मार्टिन वैमानिक. विमान पडलं की काय घडलं याची चौकशी होते, मग इथे का नाही, असं त्याने विचारलं आणि पुढे २००७ मध्ये याच कामासाठी गट उभा केला. कुणाला तुरुंगात पाठवा असं तो म्हणाला नाही. खोलीत ज्यांना कळलं होतं त्यांचा आवाज का पोचला नाही, हा त्याचा प्रश्न होता.

वैमानिकांनी हा धडा फार मोठी किंमत मोजून घेतलेला आहे. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जम्बो विमानं धडकली आणि ५८३ माणसं मेली. निघालेल्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती, समोरचं विमान अजून धावपट्टीवर आहे. त्याने ती प्रश्नाच्या रूपात विचारली. कॅप्टन ज्येष्ठ, नावाजलेला. तो ठामपणे म्हणाला, आहे की मोकळी. विषय संपला.

हे सांगून झालं की मी मुलांना दोघादोघांत उभं करते. एक सर, एक इंटर्न. सर पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या पेशंटला ॲम्पिसिलिन (तेही पेनिसिलिनच्याच कुळातलं) द्यायला सांगतात. इंटर्नने थांबवायचं. जवळजवळ प्रत्येक मूल आधी असंच बोलतं: "सर, ते... म्हणजे... एकदा ॲलर्जीचं बघायचं का?" सर (तेही वर्गातलंच पोर, पण भूमिकेत शिरून) म्हणतात, "बघितलंय." आणि इंटर्न सुई भरायला लागतो. आपण मोठ्यांशी असंच बोलायला शिकलो आहोत. घरी आजोबांशी, शाळेत बाईंशी. शंका असली तर ती प्रश्नाच्या पदरात गुंडाळून द्यायची, म्हणजे मोठ्यांना ती न घेण्याची मोकळीक राहते. जेवणाच्या पंगतीत हे शोभतं. पेशंटच्या खाटेपाशी ते जिवावर बेतू शकतं.

म्हणून आम्ही वाक्य घोकतो, मोठ्या आवाजात, पाढ्यांसारखं. "सर, थांबा. या पेशंटला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे. केसपेपरवर लिहिलंय." आदर त्या 'थांबा'त पुरेसा आहे. एवढ्याने ऐकलं नाही तर: "सर, हे सुरक्षित नाही. मी देणार नाही. मी मॅडमना बोलावते." पहिल्यांदा मुली हसतात, मुलं खाली बघतात. चौथ्या-पाचव्या वेळी आवाज स्थिर होतो. लाज मोडायला सराव लागतो, तो ऐनवेळी आपोआप होत नाही.

आणि मग ही मुलं वॉर्डात जातात. राउंड चालू असतो, कुणीतरी धीर करून शंका काढतं आणि उत्तर येतं, "कालच पुस्तक वाचलंत वाटतं?" सगळे हसतात. त्या एका वाक्याने माझा सगळा धडा पुसला जातो. म्हणून मला वाटतं की मुलांना बोलायला शिकवणं हे अर्धंच काम आहे, त्याहून निकडीचं आहे ते ऐकणाऱ्यांना शिकवणं. रेसिडेंट (वॉर्डात काम करत पुढचं शिक्षण घेणारे डॉक्टर), लेक्चरर, आम्ही प्राध्यापक. शंका चुकीची निघाली तरी पहिलं उत्तर "बरं झालं विचारलंस" असं आलं पाहिजे, आणि ते पेशंटसमोर, सिस्टरांसमोर, मावशी-मामांसमोर आलं पाहिजे. फरशी पुसणाऱ्या मावशींना कधीकधी आमच्याआधी कळतं की अमुक खाटेवरचे आजोबा आज काही वेगळेच दिसताहेत.

रेसिडेंटांवर मी फार रागावत नाही. १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत सलग बारा तास आणि आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा कागदावर आहे. प्रत्यक्षात छत्तीस तास उभा असलेला मुलगा खेकसला, तर दोष एकट्या त्याच्या स्वभावाला कसा द्यायचा? ड्युटी बदलताना तो काय सांगून जातो यावर मात्र मी हट्टाने काम करते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिका-कॅनडातल्या नऊ रुग्णालयांनी ड्युटी सोपवण्याची ठरावीक पद्धत लावली आणि चुका २३ टक्क्यांनी घटल्या. पद्धतीत गूढ काही नाही: कोण किती गंभीर, काय झालं, काय करायचं राहिलं, रात्री काय बिघडू शकतं, आणि घेणाऱ्याने ते परत म्हणून दाखवायचं. आमच्याकडे हे चहाच्या टपरीपाशी "बाकी सगळे स्टेबल" एवढ्यात उरकतं. फोनवरचे आदेशही मी परत म्हणायला लावते. खराब रेंजमध्ये 'आठ' आणि 'साठ' सारखेच ऐकू येतात.

शस्त्रक्रियेच्या चेकलिस्टबद्दल मुलं फार लवकर निराश होतात, कारण ती भरली जाते कशी हे त्यांनी पाहिलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ही १९ मुद्द्यांची यादी दिली. दिल्लीसह आठ शहरांत ती वापरून पाहिली तेव्हा मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं. पुढे कॅनडात ओंटारियोमध्ये ती सक्तीची झाली आणि २०१४ च्या अभ्यासात फारसा फरक दिसला नाही. मी दोन्ही सांगते. ऑपरेशन संपल्यावर एकटीने बसून केलेल्या खुणांनी कुणाचा जीव वाचेल? यादीतली मोलाची गोष्ट म्हणजे चीर देण्याआधी सगळ्यांनी हात थांबवून एकमेकांना आपलं नाव आणि काम सांगणं. ज्याने एकदा स्वतःचं नाव मोठ्याने उच्चारलं आहे, तो पुढे दुसऱ्यांदा तोंड उघडायला कमी कचरतो.

दर वर्षी कुणीतरी विचारतंच: "चूक झाली तर पेशंटला सांगायचं? लोक मारतील, केस होईल." भीती खरी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालानंतर वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली, आणि डॉक्टरांवरचे हल्ले रोखायला महाराष्ट्राला २०१० मध्ये वेगळा कायदा करावा लागला. तरीही माझं मत ठाम आहे. सांगायचं. काय झालं, काय अजून कळलेलं नाही, आता काय करतो आहोत, आणि मनापासून वाईट वाटतं आहे. फक्त हे सांगायला रात्री एकट्या इंटर्नला पाठवायचं नाही. वरिष्ठाने स्वतः जायचं, खुर्ची ओढून बसायचं. दारू पिऊन ऑपरेशन करणारा आणि सारख्या दिसणाऱ्या ॲम्प्यूलमधून चुकीचा उचलणारा, यांना एकाच काठीने हाकलं तर दुसरा पुढच्या वेळी गप्प बसेल आणि तो ॲम्प्यूल तिथेच राहील.

ज्येष्ठात पालख्या पुण्यात येतात तेव्हा नाना पेठ-भवानी पेठेच्या बाजूला मुलांना मदत केंद्रावर बसवणं हा मला वर्गापेक्षा चांगला तास वाटतो. पाय सुजलेले आजोबा येतात, "डॉक्टर, दुखायची गोळी द्या." मागे पन्नास माणसं. गोळी पटकन देणं ही सेवाच वाटते. पण दुखण्याची गोळी म्हणजे कुणाच्या किडनीवर घाव, आणि रक्त पातळ करणारं औषध चालू असलेल्याच्या पोटात रक्तस्राव. "माउली, पिशवीतल्या गोळ्या दाखवा," असं म्हटलं की गाठोडं सुटतं आणि अभंगाच्या वहीशेजारून तीन-चार अर्धवट पट्ट्या निघतात. त्या पट्ट्या वाचायला शिकलेलं पोर पुढे कुठल्याही वॉर्डात पेशंटला आधी विचारतं, मग लिहितं.

२०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात नैतिकता आणि संवादासाठी वेगळे तास आले, ही चांगली गोष्ट झाली. पण आपल्याकडे परीक्षेत जे येतं तेच शिकलं जातं. त्यामुळे गेल्या काही काळापासून मी प्रात्यक्षिक परीक्षेत एका टेबलासाठी भांडते आहे. पाच मिनिटं, पुतळा, केसपेपर, त्यावर ॲलर्जीची नोंद, आणि वरिष्ठाच्या भूमिकेतला परीक्षक चुकीचं औषध द्यायला सांगतो. जो थांबवतो त्याला गुण. विभागातल्या बैठकीत सर्जरीच्या एका ज्येष्ठ सरांनी विरोध केला: तुम्ही मुलांना उलट उत्तरं द्यायला शिकवताय, आणि विद्यार्थ्याचीच शंका चुकीची असली तर? पहिल्या मुद्द्यावर आमचं जमलं नाही. दुसरा मुद्दा मला खूप महत्त्वाचा वाटला आणि त्यावर आम्ही बराच वेळ बोललो. शेवटी असं ठरलं की शंका चुकीची निघाली तरी थांबवल्याचे गुण द्यायचे, निदानाचे कापायचे. सरांना हे अजून पूर्ण पटलेलं नाही. परीक्षेच्या दिवशी वरिष्ठ डॉक्टरची भूमिका करायला मी त्यांनाच बोलावलं आहे, आणि ते येतो म्हणाले आहेत.